बिनी आणि चंदावल

संपादकांनी यंदा माझ्याकडून एखाद्या कादंबरीवर टीकालेख मागितला होता. मी लिहीत आहे तो एका खेळावर. ज्या सदरात दरवर्षी पुस्तकांची उलटतपासणी होते, तेथे हातात धरून खेळायच्या जपानी खेळाची चिकित्सा करणे हे काही वाचकांना पोरकटपणाचे वाटेल. पण गेली सहा वर्षे या खेळाने माझ्याशी जितका वाद घातला तितका कोणत्याही कादंबरीने घातलेला नाही. शिवाय या वादात मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेले एक उत्तर चुकीचे ठरले. तेव्हा हा लेख काही अंशी कबुलीजबाबही आहे.

खेळ म्हणजे पोकेमॉन. इंदूरच्या आमच्या घरी तो भाच्यामुळे आला. बहिणीचा मुलगा, शिक्षणासाठी माझ्याकडे राहिलेला. टीव्हीवर हिंदीतून दिसणारा पिवळा पिकाचू मला ठाऊक होता आणि तो लहान मुलांचा प्रकार आहे अशी माझी समजूत होती. पण २०१९ साली अकरावीतला हा मुलगा रात्री साडेअकरा वाजता कागदावर कोष्टके मांडून बसलेला पाहिला, तेव्हा कुतूहल जागे झाले. भौतिकशास्त्राची कोष्टके तो इतक्या मनापासून कधी मांडत नसे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो, कारण तिच्यावाचून पुढचे काही कळणार नाही. सातोशी ताजिरी या किडे जमवण्याचा छंद असलेल्या माणसाच्या कल्पनेतून १९९६ च्या फेब्रुवारीत हा खेळ जपानात निघाला. प्रत्येक खेळाडूकडे सहा गडी असतात. (मी त्यांना गडीच म्हणतो. ‘राक्षस’ म्हणावे तर त्यांतले निम्मे गोंडस आहेत.) मैदानात एका वेळी दोन्हीकडून एकेक गडी उभा राहतो. प्रत्येकाला फक्त चार चाली येतात. दोन्ही खेळाडू आपापली चाल गुपचूप निवडतात आणि मग दोन्ही चाली एकदम उघड होतात. ज्याचा गडी चपळ, त्याचा घाव आधी. पाणी आगीला विझवते, आग गवताला जाळते, गवत पाणी पिते, अशा एकूण अठरा जाती आहेत. चाल न करता गडी बदलताही येतो, पण त्या बदलात एक डाव खर्ची पडतो. ज्याचे सहाही गडी आधी बाद होतील तो हरला. पत्त्यांत आणि बुद्धिबळात आलटूनपालटून खेळतात. येथे दोघेही एकाच क्षणी वचनबद्ध होतात, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यावर सारा खेळ उभा राहतो. स्पर्धेत खेळणारी मंडळी यातच बुडालेली असतात. गोष्ट, गावे, झाडीतून गडी पकडणे, हे सगळे त्यांच्या दृष्टीने प्रस्तावनेसारखे.

खेळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक बचावाची: थोराड, पुष्कळ सोसणारे गडी घ्यायचे, जखमा भरून काढायच्या, समोरच्याला दमवायचे. दुसरी निव्वळ चढाईची. या संचात सोसणारा गडी जवळजवळ नसतोच. पहिला गडी येतो तो मरण्यासाठीच. त्याच्या कमरेला एक पट्टा असतो, ज्याच्या जोरावर पहिला प्राणघातक घाव बसला तरी तो एका गुणावर जिवंत राहतो. तेवढ्या उसंतीत तो शत्रूच्या बाजूला टोकदार दगड पसरून ठेवतो. त्यानंतर त्या बाजूने जो जो गडी मैदानात येईल त्याच्या जीवनशक्तीचा आठवा हिस्सा आल्या आल्या कापला जातो, आणि काहींचा तर निम्मा. मागून येणारे दोनतीन गडी एक डाव स्वतःचे बळ वाढवण्यात घालवतात. तलवारनाच नावाची एक चाल आहे, तिने जोर एकदम दुप्पट होतो. आणि मग ते एका दमात समोरची फळी कापीत जातात.

भाच्याचा संच या दुसऱ्या जातीचा होता. पहिल्या गड्याला काय म्हणतात हे त्याने मला इंग्रजीत सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघाले, “अरे, ही तर बिनी.” सैन्याच्या आघाडीला आपल्याकडे बिनी म्हणत आणि पिछाडी राखणाऱ्या तुकडीला चंदावल. बिनीवाले हे आडनाव त्याला माहीत होते, त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्या रात्रीपासून आमच्यात या खेळाची एक खासगी परिभाषा तयार होत गेली.

संच असा होता. बिनीला गारचॉम्प, दगड पसरणारा. मग लोखंडी मेटाग्रॉस, जो लढाईत एकदा ‘मेगा’ रूप घेऊन अधिक बलवान होई. ग्रेनिंजा हा बेडूक, ज्या जातीची चाल करील त्या जातीचा होणारा. व्होल्करोना हे आगीचे पाखरू, नाचून बळ वाढवणारे. गायराडोस हा खवळलेला जलसर्प. आणि बिशार्प, अंगावर पाती असलेला लोखंडी शिपाई. २०१६ आणि २०१७ साली आलेल्या सातव्या पिढीच्या खेळांत हा संच त्याने दोन वर्षे घडवला होता.

१५ नोव्हेंबर २०१९ रोजी, दिवाळीनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, आठवी पिढी आली आणि आमच्या घरात सुतक पडले. तोवर जुने सारे गडी पुढच्या खेळात नेता येत, ही रीत होती. या वेळी निर्मात्यांनी आठशेच्या वर असलेल्या गड्यांपैकी चारशेच आत घेतले. मेगा रूप रद्द झाले आणि लढाईत एकदाच वापरायची झेड-चालही रद्द झाली. भाच्याच्या सहापैकी चार गडी दाराबाहेर राहिले. उरले गायराडोस आणि बिशार्प.

“मामा, टीम खलास,” तो म्हणाला.

मी मास्तर. खलास झालेल्या गोष्टीवर उपाय सुचवण्याची सवय. मी नव्या गड्यांची यादी मागवून घेतली आणि सारख्याला सारखा शोधून दिला. व्होल्करोना गेले ना? हा पाहा सेंटिस्कॉर्च. तोही किडा, तोही आगीचा, जात तंतोतंत तीच. ग्रेनिंजा गेला? हा इंटेलिऑन घे. तोही पाण्याचा, वेग जवळजवळ तितकाच. एका संध्याकाळीत मी संच ‘दुरुस्त’ केला. भाच्याने बिचाऱ्याने माझा मान राखून आठवडाभर तो खेळून पाहिला आणि सपाटून मार खाल्ला. सेंटिस्कॉर्चची जात तीच होती, पण तो मंद होता आणि पाखराचा नाच त्याला येत नव्हता. इंटेलिऑन चपळ होता, पण बेडकाचे बहुरूपीपण त्याच्यात नव्हते. मी रंग पाहून माणसे भरली होती. काम कोण करणार हे पाहिलेच नव्हते.

येथवर गोष्ट करमणुकीची. पण त्याच सुमारास त्याच्या हाती माझी इतिहासाची टाचणवही पडली, आणि प्रकरण माझ्यावर उलटले.

इंदूरच्या मराठी घरांत होळकरांच्या फौजेबद्दल एक मत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, आणि मीही ते नववीच्या वर्गाला लिहून देत आलो. मत असे: होळकरांचे बळ घोड्यावर होते. मल्हाररावांचा गनिमी कावा सोडून त्यांनी फिरंगी कवायतीचे कंपू आणि तोफा धरल्या, आणि म्हणून ते बुडाले. हे मत केवळ घरगुती नाही. मराठ्यांनी पायदळ ठेवलेच नसते तर ते अधिक भयंकर ठरले असते असे खुद्द आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, वाटे. पानिपतापूर्वी इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींवर विसंबू नये असा सल्ला मल्हाररावांनी भाऊसाहेबांना दिला, ही परंपरेने सांगितली जाणारी हकीकतही त्याच पारड्यात पडते. एवढे भक्कम साक्षीदार असल्यावर मास्तराने आणखी चौकशी कशाला करावी?

भाच्याने वही वाचली आणि विचारले, “मामा, १७९३ ला तर घोडेच होते ना? मग का हरले?”

प्रश्न लाखेरीचा होता. १७९३ साली राजपुतान्यातल्या त्या खिंडीत तुकोजी होळकरांची प्रचंड घोडदौड महादजी शिंद्यांच्या द ब्वानने घडवलेल्या कंपूंवर आदळली आणि फुटली. होळकरांपाशी द्युद्रनेक या फ्रेंचाच्या हाताखाली चार पलटणीही होत्या, पण त्या नव्या, शिंद्यांची नक्कल म्हणून उभारलेल्या. त्याही तेथेच संपल्या. म्हणजे जुने अस्त्र कवायतीपुढे आधीच बोथट ठरले होते. माझ्या टाचणात लाखेरी होती, पण दोन ओळींत, आणि ‘शिंदे-होळकर वैर’ या मथळ्याखाली.

“आणि त्या चार पलटणी म्हणजे तुमचा सेंटिस्कॉर्च,” तो म्हणाला. मला राग आला. खरे बोलणाऱ्या लहान माणसाचा येतो तसा.

मग मी ती सगळी प्रकरणे पुन्हा वाचली, आणि या वेळी मथळे झाकून. यशवंतराव होळकरांची १८०१ ते १८०४ ही चार वर्षे म्हणजे एका चढाईच्या संचाची फेरजुळणी आहे, आणि ती आमच्या गावातल्या पराभवापासून सुरू होते. १४ ऑक्टोबर १८०१ रोजी इंदुरापाशी सदरलँडच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कंपूंनी यशवंतरावांना हरवले. तोफा गेल्या, शहर लुटले गेले. सर्जेराव घाटग्यांच्या त्या लुटीच्या आठवणी येथे अजून सांगतात. त्यानंतर एका वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव शिंदे-पेशव्यांच्या संयुक्त फौजेपुढे उभे राहिले ते कोणत्या संचाने? हार्डिंग, व्हिकर्स, आर्मस्ट्राँग यांच्या पलटणी होत्या, तोफा होत्या आणि घोडेही होते. पलटणींनी समोरच्या कंपूंना गुंतवून धरले, आणि शेवटी स्वतः यशवंतरावांनी घातलेल्या घोडदौडीने निकाल लावला. शिंद्यांकडचा कप्तान डॉज पलटणींसह नष्ट झाला. बाजीराव पुणे सोडून पळाला.

हडपसरची पलटण ही घोड्याच्या जागी आणलेली नव्हती, हे मला या वाचनात प्रथम दिसले. ती घोड्यासाठी वेळ विकत घ्यायला आणली होती. चढाई करणाऱ्याला एक मोकळा डाव लागतो. पूर्वी तो डाव घोड्याच्या वेगातूनच मिळे. शत्रूचा दाणावैरण तोडायचा, तो उपाशी राहीपर्यंत हातास लागायचे नाही. शत्रू तोफा ओढत, चौक बांधून चालू लागल्यावर तो डाव वेगळ्या मार्गाने मिळवणे भाग होते. लाखेरीला होळकरांनी शिंद्यांचा गडी उचलला. हडपसरला त्यांनी त्या गड्याला काम नेमून दिले.

आता पुन्हा खेळाकडे. भाच्याने माझा संच मोडला आणि आठव्या पिढीसाठी नवा बांधला, तेव्हा त्याने नेमके हेच केले. त्या पिढीत एक जाड बूट आला होता. तो घातलेल्या गड्याला दगड टोचत नाहीत. म्हणजे दगड पसरणारा दुसरा गारचॉम्प शोधूनही उपयोग नव्हता. दगडांची किंमतच घटली होती. त्याने बिनीला ग्रिमस्नार्ल नावाचा केसाळ, खोडकर पिशाच्च घेतला. हा दगड फारसे जाणत नाही. हा इतरांच्या आधी हालतो आणि आपल्या बाजूला दोन अदृश्य पडदे लावतो. त्यामुळे समोरचे घाव निम्म्या ताकदीचे होतात, आणि हाती विशिष्ट माती असली तर पडदे पाचाऐवजी आठ डाव टिकतात. पडद्याआड गायराडोस निर्धास्त नाचतो. शत्रूला घायाळ करून वेळ मिळवणारा गडी गेला, त्याच्या जागी घाव बोथट करून वेळ मिळवणारा आला. दोघांत दिसायला काडीचे साम्य नाही, पण काम एकच. अकरावीतल्या मुलाला जे कळले ते एम. ए. झालेल्या माझ्या ध्यानात आले नाही याचे कारण मी शोधले. मी शब्दाला प्रतिशब्द शोधण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. भाषांतराच्या तासालाही मी हेच करतो.

वाचकहो, आपण सारे दुभाषी मुलखात राहतो. सीमेवरच्या आपल्या घरांत कानडी असेल, गुजराती असेल, तेलुगू असेल, आमच्याकडे माळवी हिंदी आहे. आमच्या घरी गुढी उभारली जाते, दिवाळीत चकली-अनारसे होतात, आरत्या पाठ आहेत. सहापैकी सहा गडी जागेवर आहेत असे मला वाटे. पण बहीण फोनवर मुलाला रागावते ती हिंदीत, आणि तो मित्राला समजावतो तोही हिंदीत. रागावणे आणि समजावणे ही भाषेची कामे आहेत. मराठीत त्याने मला पहिल्यांदा सलग अर्धा तास काही समजावले ते या खेळातले पडदे. मी मध्येच त्याचे लिंग-वचन सुधारले नाही, याबद्दल स्वतःला शाबासकी देतो.

आता टीकाकाराच्या नात्याने गुणदोष. प्रत्येक पिढीत निर्माते लढाईत एक मोठी युक्ती घालतात, आणि खेळाची चव तीवर ठरते. सातव्या पिढीतले मेगा रूप हे नाटकातल्या राजवेषासारखे होते. पात्र कोणते हे आधीच ठाऊक, फक्त ते कधी बाहेर येणार एवढीच उत्कंठा. आठव्या पिढीतली डायनामॅक्स ही युक्ती मला सर्वांत हिणकस वाटते. गडी तीन डाव डोंगराएवढा फुगतो, त्याची जीवनशक्ती वाढते, आणि गायराडोससारखा उडता घाव जाणणारा गडी मारता मारता वेगही वाढवून घेतो. हे म्हणजे तमाशातल्या सोंगाड्याने आवाज चढवून टाळी घेणे. एकेरी लढाई गंभीरपणे खेळणाऱ्या पुष्कळ मंडळींनी आपसांत ही युक्ती वर्ज्य ठरवली, यात त्यांची रसिकता दिसते.

१८ नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या नवव्या पिढीची युक्ती मात्र उच्च दर्जाची आहे. तिचे नाव टेरास्टल. लढाईत एकदाच कोणताही एक गडी आपली जात बदलू शकतो, आणि कोणत्या जातीत बदलणार हे त्या क्षणापर्यंत समोरच्याला ठाऊक नसते. आगीचे पाखरू समोर दिसते, तुम्ही पाणी ओतता, आणि ते एकाएकी गवताचे होऊन ते पाणी अंगावर सहज झेलते. व्होल्करोना या पिढीत परत आले होते. भाच्याने त्याचा हा प्रयोग मला दाखवला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. शेवटच्या अंकात पात्राची खरी ओळख उघड व्हावी असा तो आघात आहे. दोष एवढाच की हे पुष्कळदा अंदाजाचे काम होते. अठरा जातींतली कोणती हे ओळखायला पुरेसा पुरावा खेळात पेरलेला नसतो. चांगल्या रहस्यकथेत लेखक असे करीत नाही.

या पिढीने चढाईला आणखी एक दान दिले. जखम भरण्याच्या चाली पूर्वी मुळात दहा वेळा वापरता येत, त्या पाचवर आणल्या. म्हणजे बचाव करणाऱ्याचे कोठार निम्मे झाले. भाच्याने हा आकडा सर्वांत आधी टिपला. गडी कोणते आले हे तो नंतर पाहू लागला. गारचॉम्प परत आला होता तरी त्याला त्याने बिनीवर परत बसवले नाही. दगड पसरणे नव्हे, पसरलेले दगड टिकवणे हे आता कठीण काम होते. त्यासाठी त्याने घोल्डेंगो घेतला. हा हजारभर सोन्याच्या नाण्यांचा बनलेला आहे. तो ज्याच्यापासून होतो त्या लहान गड्यासाठी ९९९ नाणी गोळा करावी लागतात. दगड झाडून टाकण्याच्या नेहमीच्या दोन्ही चाली याच्यासमोर फुकट जातात. आणि ज्याच्यासाठी एवढा शोक झाला तो ग्रेनिंजा? आठव्या पिढीत तो आलाच नाही. नवव्यात २०२३ च्या जानेवारीत आला, पण मैदानात उतरल्यावर जात एकदाच बदलता येते अशी कात्री लागून. भाच्याने त्याला पाहिले, “बरं झालं आला” म्हणाला आणि संचात घेतले नाही. मला वाईट वाटले, त्याला नाही.

या साऱ्यात माझा आवडता गडी मात्र जुन्या सहांतलाच आहे. बिशार्पला या पिढीत पुढचे रूप मिळाले. त्याच्यासारखेच तीन म्होरके हरवले की तो किंगॅम्बिट होतो. घराण्याच्या इंग्रजी नावांतच बुद्धिबळ आहे: पॉनियार्डमध्ये प्यादे, बिशार्पमध्ये उंट, किंगॅम्बिटमध्ये राजाच्या बाजूचे प्यादे बळी देण्याचा तो जुना डाव. हा गडी मंद आहे. पण आपल्या बाजूचा एकेक गडी पडलेला असेल त्यामागे त्याचा जोर दहा टक्क्यांनी वाढतो, पाच पडले असतील तर निम्म्याने. चढाईच्या संचात गडी पडणारच असतात. इतर संचांना जे नुकसान, ते याला रसद. शिवाय त्याला एक चोरटा घाव येतो, जो शत्रू हल्ला करणार असेल तरच आधी बसतो आणि शत्रू गप्प राहिला तर फुकट जातो. त्यामुळे शेवटी एकटा उरलेला किंगॅम्बिट आणि समोर दोन गडी असे चित्र झाले की दोन्ही खेळाडू श्वास रोखून एकमेकांचे मन वाचीत बसतात. खेळात याहून चांगली संहिता मी पाहिलेली नाही.

चंदावल तो हाच, असे मी म्हटले. भाच्याला शब्द आवडला.

पण फेरजुळणी आपणच करतो असे नाही, समोरचाही करतो, आणि येथे यशवंतरावांची कहाणी पुन्हा आडवी येते. १८०४ च्या पावसाळ्यात मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनच्या पलटणींची त्यांनी जी दैना केली, ती जुन्या घोड्याने जुनेच काम करून. रसद तोडली, पुराने फुगलेल्या नद्या गाठायला लावल्या, विसावा म्हणून दिला नाही. त्या विजयावर माझ्या टाचणात पूर्ण पान आहे. पण तीनच महिन्यांत, १३ नोव्हेंबरला डीगला त्यांच्या पलटणी आणि तोफा मोडल्या, आणि १७ नोव्हेंबरच्या पहाटे फर्रुखाबादेजवळ तळ दिलेल्या घोडदळावर जनरल लेक कोसळला. लेकने दिल्लीपासून पाठलाग करीत शेवटी रातोरात लांब मजल मारली होती. घोडे खुंटाला बांधलेले होते. वेग हे ज्यांचे अस्त्र, त्यांना वेगानेच गाठले. हे टाचणात अर्ध्या ओळीत होते आणि त्यापुढे ‘दुर्दैवाने’ असा शब्द मी घातला होता. दुर्दैवाचा त्यात संबंध नव्हता. मॉन्सनच्या हालअपेष्टांतून लेक शिकला होता.

१८०५ च्या डिसेंबरात तह झाला. त्यानंतर यशवंतराव भानपुऱ्याला तोफा ओतून घेण्याच्या मागे लागले आणि १८११ च्या ऑक्टोबरात तेथेच वारले. पुढे २१ डिसेंबर १८१७ ला महिदपुरास क्षिप्रा ओलांडणाऱ्या इंग्रजांना होळकरांच्या तोफांनी खरोखरच पुष्कळ भाजून काढले, रोशन बेगच्या पायदळानेही पाय रोवले. घोडदळ मैदान सोडून गेले. गफूरखानाला मंदसोरच्या तहात जावरा मिळाले, त्यावरून लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. माझ्या मताने ‘घोडे सोडले म्हणून बुडाले’ या उत्तराला महिदपुरात आधार नाही. घोडे होते, तोफाही होत्या. एकमेकांसाठी वेळ विकत घेणारे त्यांत कोणी उरले नव्हते. धनी अकरा वर्षांचा होता आणि दरबारात आदल्याच दिवशी तुळसाबाईचा खून पडला होता.

खेळाचे आणखी दोन दोष नोंदवतो. एक व्यापारी. २०१९ साली जे गडी दाराबाहेर ठेवले, त्यांतले पुष्कळ २०२० मध्ये वेगळे पैसे घेऊन आत सोडले. मेटाग्रॉससाठी तर नवव्या पिढीत २०२३ च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. मेगा रूप २०२५ च्या नव्या खेळात परत आले ते असेच, आपलीच वस्तू आपल्याला नवी म्हणून. दुसरा दोष आम्हाला अधिक लागणारा. हा मुख्य खेळ जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, कोरियन आणि चिनी भाषांत आहे. हिंदीत नाही, मराठीचा तर विचारच नको. गड्याला आपण नाव देऊ शकतो, पण देवनागरी अक्षर त्यात उमटत नाही.

नववीच्या टाचणात मी बदल केला आहे. ‘कारणे लिहा’ या प्रश्नाखाली लाखेरी, इंदूर, हडपसर आणि फर्रुखाबाद ही चारही नावे क्रमाने घातली आणि ‘दुर्दैवाने’ खोडले. मुलांना उत्तर लांब होते म्हणून आवडत नाही. तपासणाऱ्यालाही आवडेल असे नाही.

भाचा आता नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असतो. गेल्या दिवाळीत आला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग उरकून, सराफ्यातून आणलेली जिलबी आणि पोहे समोर घेऊन त्याने मला त्याच्या संचाची यादी दाखवली. किंगॅम्बिटचे नाव त्याने बदलले होते. इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, चंदावल. बिनीच्या गड्याचे बिनीवाले. मधल्या चौघांना नावे नव्हती.

“ती तुम्ही द्या,” तो म्हणाला. “बारा अक्षरांत बसली पाहिजेत.”

दोन सुचली आहेत, हुजुरात आणि शिलेदार. उरलेल्या दोघांचे काम काय, ते त्याला विचारायचे आहे.